शॉक ट्यूबच्या चाचण्या: किती ठेवायच्या, कोणत्या ठेवायच्या

प्लाझ्माच्या सिम्युलेशनचा कुठलाही एमएचडी कोड उघडा, चाचण्यांच्या फोल्डरमध्ये शॉक ट्यूबच शॉक ट्यूब. मध्ये पडदा, डावीकडे दाट वायू, उजवीकडे विरळ. पडदा काढला की काय होतं ते बघायचं. अशा आठ-दहा चाचण्या पास झाल्या की मंडळी निर्धास्त! माझी तक्रार इथेच आहे. त्यातल्या बऱ्याचशा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासतात.

सॉडची 1978 ची चाचणी घ्या. डावीकडे घनता 1, दाब 1, उजवीकडे 0.125 आणि 0.1. ब्रियो आणि वू यांनी 1988 मध्ये हेच आकडे उचलले, गॅमा 1.4 च्या जागी 2 घेतला, नळीच्या दिशेने 0.75 चुंबकीय क्षेत्र घातलं आणि आडवं क्षेत्र डावीकडे 1, उजवीकडे उणे 1 ठेवलं. आता वाटतं, दुसरीत पहिली आलीच की. आणि बहुतेक जण ब्रियो-वूवरच थांबतात.

पण बघा, दोन्हीकडचं आडवं क्षेत्र एकाच प्रतलात आहे. त्यामुळे एमएचडीच्या सात तरंगांपैकी दोन, म्हणजे आल्फ्वेन तरंग, इथे उठतच नाहीत. रो सॉल्व्हरमध्ये त्यांच्या पदांचं चिन्ह चुकलं असलं तरी चाचणी पास. शिवाय तिच्यातला तो प्रसिद्ध संयुक्त तरंग खरा मानायचा का, यावरच वाद आहे. क्षेत्र जवळजवळ उलटं, पण नेमकं 180 अंशांनी नाही, असं असलं तर ग्रिड बारीक करत गेलं तरी कोड बराच काळ चुकीच्या उत्तराकडेच सरकतात, हे टॉरिलॉन यांनी दाखवून दिलंय.

म्हणून मी पहिला मान रियू-जोन्स यांच्या 1995 च्या संचातल्या '2अ'ला देईन. तिच्यात सातही तरंग निघतात. तीही ग्रिडला तिरकी ठेवून चालवा. सरळ नळीत नळीच्या दिशेचं क्षेत्र बदलतच नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स शून्य राहणं फुकटात मिळतं.

सॉड मात्र काढू नका. क्षेत्र शून्य केलं की आडव्या क्षेत्राने भागणारी पदं शून्य भागिले शून्य होतात, आणि निष्काळजी कोड तिथेच कोसळतो. ब्रियो-वूही राहू दे, फक्त तिच्यासोबतच्या टिपेत लिहा की ताडणी दुसऱ्या कोडच्या आलेखाशी केली आहे, नेमक्या उत्तराशी नाही.