‘फसलेला’ प्रयोग कसा वाचायचा?

मायकेल्सन-मोर्लींचा १८८७चा पेपर रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. पृथ्वी ईथरमधून जात असेल, तर प्रकाशाचे पट्टे रुंदीच्या ०.४ इतके सरकायला हवेत, हे त्यात आकड्यात मांडलंय. सापडलं त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. तेही त्यांनी सरळ छापलं. पेपरची खरी ताकद इथेच आहे. उणीवही आहे. मोजमाप जुलैतल्या मोजक्याच दिवसांचं. दर तीन महिन्यांनी पुन्हा करू म्हणाले, पण केलं नाही. शंकेला जागा राहिली ती त्यामुळे, ‘निगेटिव्ह रिझल्ट’मुळे नाही. काय अपेक्षित होतं हेच लिहिलेलं नसेल, तर यश कुठलं आणि अपयश कुठलं, ठरवणार कसं? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तो ०.४ शोधा बरं.