पहिले पुस्तक : घाई आणि जबाबदारी

नव्या लेखकांची पहिली पुस्तके अभिप्रायासाठी येतात तेव्हा आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. आरंभी दोन मान्यवरांच्या प्रस्तावना, मलपृष्ठावर तिसऱ्यांचा आशीर्वाद आणि मध्ये साठ कविता. त्यांतल्या पंधरा खरोखर चांगल्या असतात. उरलेल्या पंचेचाळीस त्यांना झाकून टाकतात.

या संदर्भात हमीद दलवाईंचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. ते तूर्त बाजूला ठेवू. ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह १९६१ साली आला, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यानंतर, १९७० साली स्थापन झाले. पुस्तक निघण्याआधी त्यांच्या कथा नियतकालिकांतून वाचकांसमोर आल्या होत्या. संपादकाची साभार परत आणि अनोळखी वाचकाचे पत्र या दोन परीक्षा प्रस्तावनेने चुकवता येत नाहीत. शिवाय ‘इंधन’मधील कोकणातले गाव कोणाची बाजू मांडण्यासाठी उभे केलेले नाही. तिथली माणसे गुणदोषांसह येतात, म्हणूनच ती खरी वाटतात. आपल्या पहिल्या पुस्तकांत मात्र लेखक पुष्कळदा समाजाचा वकील होतो आणि पात्रे साक्षीदार.

दुसरा मुद्दा भाषेचा. आपल्या घरात खाला आहे, फुफी आहे, दस्तरखान आहे. नवा लेखक या प्रत्येक शब्दापुढे कंस उघडून अर्थ देतो. हा कंस बाहेरच्या वाचकासाठी असतो. त्यात घरचा वाचक परका होतो. ‘मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी!’ या कौतुकाची आपल्याला इतकी भूक का असावी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहून साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. मराठी आपली आहे, हे सिद्ध करण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. माझ्या पहिल्या संग्रहाचे पैसे मीच भरले. तीनशे प्रती घरी आल्या आणि दिवाणाखाली गेल्या. अम्मी ईदला येणाऱ्या पाहुण्यांना शीरखुर्म्याबरोबर एकेक प्रत देत असे. लेखी करार नव्हता. पुढे आणखी प्रती छापल्या गेल्या का, हे मला कधीच कळले नाही. वास्तविक १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच जातो. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे आपण विचार न करता जिथे सही करतो, तो कागद आपल्या नातवंडांचाही असतो. पदरचे पैसे घालण्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करावी.

पहिले पुस्तक एकदाच निघते. ते दोन वर्षे उशिरा निघाले म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पंधराच कविता चांगल्या असतील तर त्या आधी नियतकालिकांना पाठवाव्यात आणि सोळाव्या कवितेची वाट पाहावी.