‘मेरिट’ : एका शब्दाची झडती

‘मेरिट’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही इंग्रजी राहिलेला नाही. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘कमावलेले’ असा आहे. आपल्याकडे मात्र तो वतनासारखा, वारशाने मिळाल्याच्या थाटात मिरवला जातो.

त्याचे वापर तपासून पाहा. ‘पोरगी मेरिटला आली’ म्हणजे यादीत नाव लागले. कोर्टात ‘मेरिटवर निकाल’ म्हणजे तांत्रिक मुद्दे बाजूला सारून मूळ प्रकरणात शिरणे. प्रवेशाच्या प्रश्नात मात्र ‘मेरिट’ म्हटले की तपासणीच थांबते. हे गुण कोणत्या शाळेतले, घरातल्या कितव्या शिकलेल्या पिढीचे, हे विचारायचे नाही!

‘मेरिटॉक्रसी’ या शब्दाचेही असेच झाले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकाने तो रूढ केला, पण उपहासाने. बुद्ध्यांकाच्या नावाने नवी उतरंड उभी राहील, हा त्यांचा इशारा होता. जगाने इशारा टाकला आणि शब्द घोषणेसाठी उचलला.

आपल्याकडे १९९० साली मंडलविरोधी आंदोलनात हा शब्द रस्त्यावर आला. त्याआधीच, देणग्या मोजून जागा विकण्याचा धंदा रोखण्यासाठी महाराष्ट्राला १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला होता. पैशाने विकत घेतलेल्या त्या जागांवर मेरिटवाद्यांचा त्वेष का उतरला नाही? कारण त्यांना गुणांची चिंता नव्हती. शेजारी कोण येऊन बसतो, याची होती.

वाङ्मयातही तेच. दलित आत्मकथनांना ‘सामाजिक मूल्य आहे, वाङ्मयीन मेरिट नाही’ असे म्हणणारा समीक्षक ते मेरिट कोणी, कोणत्या अनुभवावरून ठरवले, हे सांगत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खुल्या स्पर्धा परीक्षेतील कामगिरीपुरते मेरिट संकुचित करता येत नाही. कायद्याला जे कळले, ते स्टाफरूममध्ये अजून पोचलेले नाही. आमच्या वर्गातली हुशार मुले स्वतःला ‘कोट्यातली’ म्हणवून खाली मान घालतात, तेव्हा या शब्दाने किती खोल घाव घातला आहे ते दिसते.

म्हणून हा शब्द आपण टाकून देऊ नये. कमावलेले ते मेरिट, हा त्याचा अर्थ मान्य करून आपणच तो मागावा. मग दिवसा मजुरी करून रात्री अभ्यास करणाऱ्याने काय कमावले, याचा हिशेब मेरिटवाल्यांना द्यावा लागेल.