‘मुदत’ शब्दाचा विस्तार : साथकालीन न्यायादेशांच्या भाषेचे एक परीक्षण

१

न्यायालयीन आदेशांची भाषा ही वकिलांच्या व्यवसायाची बाब असून भाषाभ्यासकाला तिच्याशी विशेष कर्तव्य नाही, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात दिसून येतो. वस्तुतः ज्या वाक्याच्या अर्थावर एखाद्याची सुटका किंवा बंदिवास अवलंबून असतो, त्या वाक्याची रचना तपासणे हे भाषाभ्यासाचे न टाळता येण्याजोगे काम होय. करोनाच्या साथीमध्ये २०२० ते २०२२ या काळात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिलांच्या मुदतीविषयी जे आदेश दिले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. हे सारे आदेश एकाच प्रकरणात निघाले. ते सलग वाचले असता एकाच मजकुराचे क्रमाने दुरुस्त होत गेलेले खर्डे आपल्यापुढे आहेत, असे वाटू लागते. पहिल्या खर्ड्यात काय राहून गेले, त्याचा भार कोणावर पडला आणि शेवटच्या खर्ड्यात ते कितपत भरून निघाले, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

२

पहिला आदेश २३ मार्च २०२० चा. सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. एल. नागेश्वर राव व न्या. सूर्यकांत यांच्या पीठाने स्वतःहून दखल घेऊन तो दिला. देशव्यापी टाळेबंदी त्यानंतर दोन दिवसांनी सुरू झाली; म्हणजे न्यायालयाने संकट अंगावर येण्यापूर्वीच पाऊल उचलले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ व १४२ खालील अधिकार वापरून दिलेला हा आदेश देशातील सर्व न्यायालये, न्यायाधिकरणे आणि प्राधिकरणे यांवर बंधनकारक ठरविण्यात आला. त्याचा एकूण मजकूर अवघ्या काही वाक्यांत मावणारा आहे.

या मजकुराचे दोन भाग पडतात. पूर्वार्धात प्रयोजन सांगितले आहे : साथीमुळे पक्षकारांना आपले अर्ज, दावे, अपिले आणि इतर कार्यवाही मुदतीत दाखल करणे अवघड होईल, त्यांना व त्यांच्या वकिलांना त्यासाठी जातीने न्यायालयात यावे लागू नये. उत्तरार्धात आज्ञा आहे : अशा सर्व कार्यवाहींतील मुदत, मग ती सर्वसाधारण कायद्याने ठरलेली असो वा विशेष कायद्याने, तिच्यातील विलंब क्षम्य असो वा नसो, १५ मार्च २०२० पासून पुढील आदेशापर्यंत वाढलेली राहील.

व्याकरणदृष्ट्या पाहता पूर्वार्धात माणसे आहेत, उत्तरार्धात ती नाहीत. आज्ञेच्या वाक्यात ‘मुदत’ वाढते. परंतु ती कोणासाठी वाढते, हे सांगणारे संप्रदान त्या वाक्यात नाही. सामान्य व्यवहारात असे संप्रदान गाळले तरी बिघडत नाही. संदर्भाने ते भरून निघते. आज्ञेचे वाक्य मात्र संदर्भापासून तुटून प्रवास करते. दूरच्या न्यायालयात ते पोहोचते तेव्हा पूर्वार्ध मागे पडतो आणि ‘सर्व कार्यवाहींतील मुदत वाढली’ एवढेच हाती उरते. पुढील गोंधळाचे बीज येथे आहे.

३

दुसरा प्रश्न क्रियापदाचा आहे. मूळ इंग्रजी आदेशात मुदत ‘एक्स्टेंड’ झाल्याचे म्हटले आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमात काळासंबंधीच्या तीन क्रिया काटेकोरपणे वेगळ्या राखलेल्या आहेत. कलम ५ प्रमाणे पुरेसे कारण दाखविल्यास मुदत वाढविता येते. कलम १२ ते १५ मध्ये काही काळ मोजणीतून वगळला जातो. कलम ९ प्रमाणे एकदा धावू लागलेला काळ नंतरच्या असमर्थतेमुळे थांबत नाही. वाढविणे, वगळणे व थांबविणे या क्रियांचा परिणाम सारखा नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या अपिलाची मुदत ९० दिवसांची असून १५ मार्च २०२० पूर्वी त्यांतील ८० दिवस संपले होते, असे समजू. साथीचा काळ ‘वगळला’ तर उरलेले १० दिवस, तो काळ सरल्यावर, पक्षकाराच्या हाती जसेच्या तसे येतात. मुदत नुसती ‘वाढविली’ तर ती कोणत्या तारखेपर्यंत, याचे उत्तर हवे. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे उत्तर न्यायालयाच्या सोयीचे आहे. परंतु तो पुढील आदेश ज्या दिवशी येईल त्याच दिवशी मुदत संपणार की काय, हे त्यातून कळत नाही.

मराठी वाचकाला हा भेद अधिकच धूसर वाटण्याचा संभव आहे. ‘मुदतवाढ’ हा आपल्याकडील एकच शब्द या सर्व प्रसंगी चालतो. आणि मुदतवाढ म्हटली की नवी अखेरची तारीख मिळाली, असा बोध होतो. २३ मार्चच्या आदेशात अशी तारीख नव्हती. ६ मे २०२० रोजी न्यायालयाने लवाद अधिनियम व धनादेश न वटण्यासंबंधीचे कलम १३८ यांचा स्पष्ट उल्लेख करून, १५ मार्चनंतर संपलेली मुदत संबंधित क्षेत्रातील टाळेबंदी उठल्यावर १५ दिवसांपर्यंत राहील असे सांगितले, तेव्हा शेवटाची पहिली खूण उमटली.

४

या दोन उणिवांपैकी पहिलीचा भार तुरुंगातील माणसावर पडला. तेव्हा अमलात असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) प्रमाणे, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत तपास पुरा होऊन दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होत असे. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे.) पोलिसांच्या या ६०-९० दिवसांनाही व्यवहारात ‘मुदत’च म्हणतात. मग सर्वोच्च न्यायालयाने वाढविलेल्या मुदतींत हीही आली काय?

मे २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या दोन एकल न्यायाधीशांनी, काही दिवसांच्या अंतराने, या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली. एकाने जामीन दिला. दुसऱ्याने तो नाकारला. दुसरे वाचन निखालस अविचाराचे होते असे म्हणता येत नाही. ‘इतर सर्व कार्यवाही’ हे शब्द आदेशात होते आणि संप्रदान नव्हते. शब्द जेथवर नेतील तेथवर तो न्यायाधीश गेला.

१९ जून २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. एम. आर. शहा व न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने हे वाचन रद्द केले. २३ मार्चचा आदेश अडचणीत सापडलेल्या पक्षकारांसाठी होता, तपास करणाऱ्या पोलिसांसाठी नव्हता. आणि टाळेबंदी ही आणीबाणीच्या उद्घोषणेसारखी मानता येणार नाही, असा निर्वाळा पीठाने दिला. भाषिक दृष्टीने पाहता पीठाने पूर्वार्धातील हरवलेले संप्रदान उत्तरार्धात परत आणून बसविले. हे वाचन न्याय्य आहे. परंतु २३ मार्च ते १९ जून या सुमारे तीन महिन्यांत ज्यांचे ६० वा ९० दिवस भरत आले होते, त्यांचे स्वातंत्र्य या वाक्याचे वाचन कोणत्या न्यायाधीशाकडे जाते, यावर अवलंबून राहिले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या प्रकरणातून ‘मुदत’ या शब्दाचे दुहेरीपण उघड होते. मराठीत कर्जाची मुदत असते, मुदतठेव असते, मुदतीचा तापही असतो. काळाच्या कोणत्याही ठरलेल्या टप्प्याला हा शब्द लागू पडतो. कायद्यात मात्र दावा लावणाऱ्याची मुदत आणि राज्यसत्तेला घातलेली मुदत या भिन्न जातीच्या आहेत. पहिली वाढली तर नागरिकाला अवकाश मिळतो. दुसरी वाढली तर त्याचा बंदिवास लांबतो.

५

दुसऱ्या उणिवेचा अनुभव आसामातील एका प्लायवुड कंपनीच्या भागधारकांना आला. कंपनी अधिनियमाप्रमाणे अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करून आणखी ४५ दिवसांपर्यंत अपील स्वीकारता येते. त्यांचे पहिले ४५ दिवस २ फेब्रुवारी २०२० रोजी आणि पुढचे ४५ दिवस १८ मार्च रोजी संपले. अपील जुलैमध्ये दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२० रोजी ते अमान्य केले. वाढली ती मूळ मुदत. विलंब माफ करण्याची कमाल मर्यादा वाढली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयामागे मुदत अधिनियमातील ‘विहित मुदत’ या संज्ञेच्या व्याख्येचा आधार आहे आणि तांत्रिक दृष्ट्या तो भक्कम आहे. टाळेबंदी येण्यापूर्वी अपील दाखल करण्यास अडचण नव्हती, हाही न्यायालयाचा मुद्दा रास्त आहे. तरीही ‘विलंब क्षम्य असो वा नसो’ हे शब्द मूळ आदेशात होते. विलंबमाफीचा उल्लेख करणारा आदेश विलंबमाफीच्या काळाला लागू नाही, हे साध्या वाचकाला सहज उमगणारे नाही. सरन्यायाधीश बोबडे या दोन्ही पीठांवर होते. म्हणजे आदेश देणाऱ्यानेच आपल्या वाक्याचा अर्थ नंतर संकुचित केला, असे दिसते.

६

८ मार्च २०२१ च्या आदेशात क्रियापद बदलले. १५ मार्च २०२० ते १४ मार्च २०२१ हा काळ आता ‘वगळला’ गेला. शिल्लक दिवस १५ मार्च २०२१ पासून मिळतील असे सांगितले गेले. आणि विलंब माफ करण्याच्या कमाल मर्यादांचाही शब्दशः समावेश झाला. सप्टेंबरच्या निर्णयाने दाखविलेली फट येथे बुजविली गेली. त्या भागधारकांचे प्रकरण या शब्दांखाली आले असते, तर १५ ते १८ मार्च हे त्यांचे अखेरचे दिवस मोजणीतून सुटले असते. जुन्या व नव्या शब्दरचनेतील हा फरक सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०२३ मधील एका निर्णयात मान्यही केला.

दुसरी लाट आली तेव्हा, २७ एप्रिल २०२१ रोजी, जुना आदेश पुन्हा जिवंत करण्यात आला. त्यात ‘वाढविणे’ व ‘वगळणे’ ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी आढळतात. घाईच्या वेळी जुनी सवय उचल खाते, त्याचा हा नमुना. अखेरचा आदेश १० जानेवारी २०२२ चा. त्याने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे ७१६ दिवस वगळले. या काळात ज्यांची मुदत संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस दिले आणि शिल्लक काळ त्याहून अधिक असल्यास तो दिला. आरंभ, शेवट, मोजणीची रीत आणि कमी-अधिक शिल्लक असणाऱ्यांची व्यवस्था या चारही गोष्टी येथे आहेत. वर कल्पिलेल्या पक्षकाराला, दहा दिवसच उरले असूनही, नव्वद मिळतात. आणि ते कसे, हे त्याला स्वतःला वाचून समजते.

७

संकटकाळी अशी काटेकोर भाषा शक्यच नसते, असा आक्षेप घेता येईल. परंतु याच न्यायालयाचा ६ एप्रिल २०२० चा, दूरदृश्य माध्यमातून कामकाज चालविण्याविषयीचा आदेश त्याला उत्तर देतो. उभय पक्षांच्या संमतीवाचून या माध्यमातून पुरावा नोंदवू नये, ज्यांच्याजवळ साधने नाहीत अशा पक्षकारांना न्यायालयाने ती उपलब्ध करून द्यावीत, असे अपवाद व जबाबदाऱ्या त्यात पहिल्याच खेपेस लिहिलेल्या आहेत. तोही घाईतच लिहिला गेला; मात्र लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माणसे होती आणि ती आज्ञेच्या वाक्यांत उतरली.

२३ मार्चच्या आदेशाचा हेतू उदार होता, त्याने असंख्य पक्षकारांना दिलासा दिला, याविषयी दुमत नाही. उणीव आहे ती एवढीच की, व्यापक शब्द म्हणजे सर्वांवर उपकार, असे त्यात गृहीत धरले गेले. प्रत्येक मुदतीला दोन बाजू असतात. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याकडून घेतलेला असतो. धनादेश न वटलेला धनको, अपिलाच्या भीतीतून मोकळा होऊ पाहणारा प्रतिवादी आणि कोठडीतील आरोपी हे सारे त्या दुसऱ्या बाजूला उभे होते. ‘ही मुदत पक्षकारांच्या कार्यवाहीपुरती असून तपासयंत्रणेला लागू नाही’ एवढे एक उपवाक्य आज्ञेत असते, तर मे महिन्यातील विसंगत निर्णय टळले असते. जिल्हा न्यायालयांतील बरेचसे कामकाज मराठीतून चालणाऱ्या प्रदेशात या सूचनेला आणखी महत्त्व आहे. पुढील साथीत असे आदेश मराठीत उतरविताना सरसकट ‘मुदतवाढ’ न लिहिता, काळ वाढला की वगळला, आणि तो कोणासाठी, हे भाषांतरकाराने प्रत्येक वाक्यात स्पष्ट केले पाहिजे.