न मागितलेला सल्ला : लिनक्स-प्रचाराच्या भाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाची एखादी अडचण समाजमाध्यमावर मांडली की ‘विंडोज काढून टाका, लिनक्स घ्या’ हे उत्तर बहुधा येतेच. प्रश्न प्रिंटरचा असतो किंवा न उघडणाऱ्या फाइलचा. सल्ला मिळतो तो संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा. या प्रवृत्तीची थट्टा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात तिच्याकडे उपदेशपर लेखनाचा एक प्रकार म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या उपदेशातील बरेचसे विधान खरे असूनही तो ऐकणाऱ्याच्या उपयोगी का पडत नाही, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रचारामागील सत्य

प्रथम या प्रचाराची न्याय्य बाजू नोंदविली पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नल प्रसिद्ध केले. या दोन प्रयत्नांच्या संगमातून उभी राहिलेली व्यवस्था विनामूल्य मिळते, तिची अंतर्रचना तपासता येते आणि जुन्या यंत्रांवरही ती चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. पुढील आवृत्तीच्या हार्डवेअरविषयक अटी अनेक सुस्थितीतील संगणक पूर्ण करू शकत नव्हते. अशा वेळी लिनक्सचा पर्याय सुचविणे हे निव्वळ वेड म्हणता येणार नाही. म्हणून आक्षेप घ्यायचा तो संदेशाला नव्हे, तर तो देण्याच्या रीतीला.

तीन लेखांची साक्ष

या रीतीतील दोष चळवळीला पूर्वीच उमगला होता. पॉल रॉजर्स यांनी लिनक्सच्या प्रचारकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली होती. इतर प्रणालींची निंदा करू नये, प्रतिस्पर्धी कंपन्यांची नावे विकृत करून लिहू नयेत आणि लिनक्स प्रत्येकाच्या गरजा भागवू शकत नाही हे मान्य करावे, असे तीत बजावले आहे. आचारसंहिता सांगावी लागली, यावरूनच तिच्या उल्लंघनाचे प्रमाण ध्यानात येते.

दुसरा लेख एरिक रेमंड यांचा. २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या लेखात तांत्रिक प्रश्न कसा विचारावा याचे विवेचन आहे. प्रश्नकर्त्याने आधी स्वतः शोध घ्यावा, ही त्यातील अपेक्षा विनामूल्य वेळ देणाऱ्या तज्ज्ञांच्या दृष्टीने रास्त होती. तथापि, या लेखामुळे अज्ञानाचे ओझे प्रामुख्याने विचारणाऱ्यावर पडले. उत्तर कसे द्यावे, याविषयीचा त्यातील भाग मात्र फारसा कोणी स्मरणात ठेवला नाही.

तिसरा लेखही रेमंड यांचाच, २००४ मधील. घरातील दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर लिनक्सवरून वापरताना त्यांच्यासारख्या जाणकाराचीही दमछाक झाली. या लेखात त्यांनी दोष वापरकर्त्याला न देता सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांना दिला. सामान्य माणसाला अज्ञानी राहण्याची मुभा असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले असता ज्ञानाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा वाद एकाच लेखकाच्या विचारात चाललेला दिसतो. समाजमाध्यमांवरील प्रचारकाने पहिल्या लेखातील करडा सूर तेवढा उचलला. दुसऱ्यातील आत्मपरीक्षण त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

हमी नसलेला सल्ला

मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानात चार स्वातंत्र्ये सांगितली आहेत. प्रोग्राम कोणत्याही हेतूने, आपल्या इच्छेनुसार चालविण्याचे स्वातंत्र्य हे त्यांतील पहिले. या तत्त्वाचा केंद्रबिंदू वापरणाऱ्याचा हेतू हा आहे. ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ हे न विचारता दिलेला सल्ला नेमका त्या हेतूलाच डावलतो. स्वातंत्र्याच्या नावाने केलेली ही सक्ती म्हणावी लागेल.

आणखी एक विसंगती लक्षणीय आहे. ग्नूच्या सार्वजनिक परवान्यात सॉफ्टवेअरबाबत कोणतीही हमी नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. परवाना इतका प्रांजळ असताना सल्ला देणारा मात्र आपल्या शब्दांना अशी पुस्ती जोडत नाही. माहिती पुसली गेली, स्कॅनर चालेनासा झाला, तर निस्तरायचे ते सल्ला मानणाऱ्याने. सल्लागार तोवर दुसऱ्या प्रश्नाकडे वळलेला असतो.

मराठी वापरकर्त्याचा प्रश्न

मराठी अध्यापकाच्या बाबतीत ही अडचण अधिक ठोस होते. युनिकोड रुळण्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ प्रबंध, प्रश्नपत्रिका व नियतकालिके श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकलिखित झाली. त्यांतील अनेक फाँट्समध्ये देवनागरी अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसविलेली असल्याने मूळ फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसतो. तो युनिकोडमध्ये आणता येतो. परंतु जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा पुन्हा तपासाव्या लागतात. वीस वर्षांचे लेखन अशा फाइलींत असलेल्या व्यक्तीला ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यापूर्वी या रूपांतराचे साहाय्य हवे असते. तिच्या संकोचाला आळस किंवा कंपनीची गुलामी म्हणणे हे वस्तुस्थितीचे अज्ञान होय.

याउलट, काही उपक्रमांनी वेगळी वाट दाखविली आहे. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजविले, ते शिक्षकांना प्रशिक्षण देऊन. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स व लिबरऑफिसचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्याची भाषा, त्याचे काम आणि त्याचा वेग यांचा विचार आधी झाला.

समारोप

सारांश, न मागितलेल्या तांत्रिक सल्ल्याचे मूल्य त्यातील सत्यावरून ठरत नाही. त्याचे परिणाम निस्तरण्यास सल्लागार कितपत थांबतो यावरून ते ठरते. एका अडचणीसाठी उपहास वाट्याला आलेला अध्यापक लिनक्सकडे वळत तर नाहीच. पुढच्या वेळी तो प्रश्न विचारणेही टाळतो. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, या विचारावर उभ्या असलेल्या चळवळीची याहून मोठी हानी तिच्या विरोधकांनाही करता येणार नाही.