चाफळची सनद : नक्कल कीं बनावट?

परतूरकडील एका गृहस्थांनीं मध्यंतरीं आपल्या घरचें दप्तर आम्हांस दाखविलें. त्यांत चाफळच्या सनदेची एक प्रत निघाली. कागद गिरणीचा, शाई विलायती. गृहस्थांनीं एकच विचारलें, "गुरुजी, हा कागद खरा कीं खोटा?" श्रीसमर्थांचें जन्मग्राम जांब आमच्याच जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत. त्यामुळें या सनदेविषयीं इकडे जिव्हाळा फार, आणि वादहि फार.

सनदेची मिति शके १६०० आश्विन शुद्ध १०, म्हणजे जुन्या गणनेनें १५ सप्टेंबर १६७८. शिवछत्रपति तींत श्रीसमर्थांस सद्गुरु म्हणतात व चाफळच्या श्रीरामाच्या देवस्थानास उत्पन्न करून देतात. अस्सल अभ्यासकांपुढें नाहीं, नकला मात्र पुष्कळ. अलीकडे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत तिचा एक फोटोझिंकोग्राफ ठसाहि आढळला आहे.

सनद बनावट म्हणणारांचा एक आक्षेप असा कीं, तिजवर महाराजांची सही नाहीं. हा आक्षेप ज्यानें शिवकालीन पत्र हातीं धरलें नाहीं त्याचाच असूं शकेल. पत्र कारकुनानें लिहावें, माथ्यावर मुद्रा व अखेरीस मर्यादेचें मोर्तब व्हावें, ही त्या दरबारची चाल. सही असती तरच आम्ही अधिक दचकलों असतों.

दुसरा आक्षेप भाषेचा : फारशी शब्द थोडे, संस्कृत फार. भाषेवरून कूटलेख उघड करण्याची रीत जुनी आहे. इटलींत लोरेंझो व्हाल्ला यानें १४४० मध्यें कॉन्स्टंटाईनच्या दानपत्रांतील 'सत्रप' हा शब्द रोमच्या दरबारांत अशक्य असल्याचें दाखविलें, आणि पोपच्या दाव्याचा पायाच हलला. पण येथें काळ पाहिला पाहिजे. ज्या राजानें राज्यव्यवहारकोश करविला, त्याच्या राज्याभिषेकानंतरच्या पत्रांत संस्कृत अधिक दिसलें तर नवल कोणतें? हीच भाषा शके १५६७ च्या पत्रांत असती तर गोष्ट निराळी.

खरी परीक्षा कालगणनेची. शके १६०० चा संवत्सर कालयुक्त. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस पालटे. म्हणून त्याच वर्षाच्या चैत्रांत ४, पण आश्विनांत ५ हवा. मागाहून कागद रचणारा बहुधा येथेंच घसरतो, कारण त्याच्या डोक्यांत वर्ष पाडव्यास बदलतें. तथापि नक्कल करणाराहि आंकडा चुकतो. एकाच प्रतींत चूक असेल तर ती लेखकाची. परस्परांपासून न उतरलेल्या सर्व प्रतींत तीच असेल तर मूळच संशयित.

छायेनें काढलेल्या ठशाविषयीं उतावीळ नको. त्यावरून मुद्रेचे कोन व अक्षरांचीं वळणें कळतात, आणि निःसंशय पत्रांवरील ठशांशीं तीं ताडून पाहतां येतात; एका साच्याचे ठसे जुळलेच पाहिजेत. हा लाभ मोठा. पण कागदाची वीण, शाईचा मुरलेपणा, जोडावरील खुणा, पाठीवरील 'सुरू सूद' व बाराचे शेरे यांचा निकाल अस्सलावांचून होत नाहीं.

हेतूचा आरोप तर सर्वांत स्वस्त. १८५२ च्या कायद्यानें इनाम-चौकशी कडक झाली, तेव्हां भीतीपोटीं कित्येक घरांत नवे 'जुने' कागद जन्मले, हें खरें. परंतु एकाच्या चोरीवरून दुसऱ्यास चोर ठरवितां येत नाहीं. चाफळविषयीं संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतहि पत्रें गेलीं आहेत. देवस्थानावरील राजकृपेस हाच एक आधार नव्हे.

म्हणून सनद बनावट असल्याचें सिद्ध झालें, असें आम्हांस वाटत नाहीं. तसेंच शिव-समर्थ भेट शके १५७१ ची कीं १५९४ ची, या वादांत केवळ हिच्या बळावर निकाल देणें आम्हांस मान्य नाहीं. दोन्ही पक्षांनीं आपापला आवडता निष्कर्ष आधीं काढून मग कागद वाचला, हें आमचें खरें गाऱ्हाणें आहे.

परतूरकर गृहस्थांची प्रत तर आपण अस्सल असल्याचें म्हणतच नाहीं. मुद्रेच्या जागीं तिच्यांत नुसतें वर्तुळ काढून आंत 'शिक्का' एवढेंच लिहिलें आहे. नक्कल म्हणजे कूट नव्हे. रुमालावर 'खोटी सनद' असें लिहूं काय, असें त्यांनीं विचारलें. आम्ही बोरू मागून घेतला व लिहिलें : "चाफळ सनदेची नक्कल. अस्सल पाहिली नाहीं."