ब्रनोचा राजपुत्र कॉन्राड : कॉस्मसच्या इतिवृत्ताचे चिकित्सक वाचन

मध्ययुगीन चेक इतिहासात प्रादेशिक राजपुत्रांचे जीवन बहुधा प्रागच्या नजरेतून नोंदले गेले. प्राग कॅथीड्रलचा डीन कॉस्मस (मृत्यू ११२५) याचे लॅटिन इतिवृत्त हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यातील मोराव्हियाच्या ब्रनो येथील कॉन्राडच्या चित्रणाची चिकित्सा प्रस्तुत टिपणात केली आहे.

१०५५ मध्ये मृत्यू पावलेल्या पहिल्या ब्रेतिस्लावने राजघराण्यातील ज्येष्ठाने प्रागच्या गादीवर बसावे, असा दंडक घालून दिला. धाकट्या भावांच्या वाट्याला मोराव्हियातील प्रदेश आले. कॉन्राडला ब्रनो मिळाले. या व्यवस्थेतच संघर्षाचे बीज होते : प्रादेशिक राजपुत्र एकाच वेळी अंकितही होता आणि संभाव्य वारसही. म्हणूनच १०९१ मध्ये थोरला भाऊ राजा व्रातिस्लाव याने ब्रनोला वेढा घातला, तेव्हा लढा केवळ एका गढीपुरता नव्हता.

या प्रसंगी कॉन्राडची पत्नी विर्पिर्क राजाच्या छावणीत येते. सीमेवरील आप्तांना लुटण्यापेक्षा प्रागच्या धनिक व्यापाऱ्यांकडे व यहुद्यांकडे पाहावे, असे कॉस्मस तिच्या मुखी घालतो. हे भाषण शब्दशः प्रमाण मानता येत नाही. पात्रांसाठी भाषणे रचणे हा तत्कालीन इतिवृत्तलेखनाचा संकेतच होता. तथापि ते निरुपयोगीही ठरत नाही. प्रागमधील व्यापारी वस्तीची ती एक प्रारंभिक नोंद आहे. शिवाय यहुद्यांच्या संपत्तीविषयीचा लेखकाचा पूर्वग्रहही तीतून प्रकट होतो.

अधिक महत्त्वाचा प्रश्न कार्यकारणाचा आहे. स्त्रीच्या विनवणीने राजाचे मन द्रवले, असा वाचकाचा ग्रह होतो. परंतु त्याच वृत्तांतानुसार राजपुत्र ब्रेतिस्लावच्या पक्षाने राजाचा विश्वासू झ्देराद याला आधीच ठार केले होते आणि छावणी दुभंगली होती. पुत्र विरोधात गेल्यावर भावाशी समेट ही राजाची निकड होती. विर्पिर्कचे श्रेय याने नाहीसे होत नाही. योग्य क्षण हेरणारी मध्यस्थ म्हणून तिचे राजकीय स्थान उलट स्पष्ट होते.

१०९२ च्या जानेवारीत व्रातिस्लाव वारला आणि ज्येष्ठत्वाच्या नियमाने कॉन्राड प्रागला आला. सप्टेंबरमध्ये त्याचाही अंत झाला. पुढे ११०१ मध्ये त्याचा पुत्र ओल्द्रिख याने त्याच नियमाचा आधार घेऊन गादीवर हक्क सांगितला, पण तो अयशस्वी ठरला. नियम एकच, निकाल मात्र बळावर अवलंबून! प्रागकेंद्री कथनातील 'बंडखोर' या प्रतिमेपलीकडे जाऊन या कुटुंबाकडे हक्काचे दावेदार म्हणून पाहणे, हे इतिहासाच्या अध्यापनात अगत्याचे ठरते.